कैलासवासींची शाळा

तात्यासाहेबांचा हात गुडघ्यावर पडला आणि बद्रीनाथनं तो ओळखला. ओळखला म्हणजे तात्यासाहेबांचा म्हणून नव्हे. ती मऊ, अंगठीनं वळ पडलेली वकिली बोटं तो वर्षानुवर्षं बघत होता. त्यानं ओळखला तो हाताचा भार. सगळा तळवा टेकायचा नाही, नुसती बोटं. आधी बोटं टेकायची, मग आवाज खाली आणायचा, मग थांबायचं, आणि समोरचा माणूस मान खाली घालेपर्यंत काही बोलायचं नाही. ही रीत बद्रीनाथचीच होती. त्यानंच ती बसवली होती, याच दिवाणखान्यात, याच सतरंजीवर बसून सगळ्यांना करून दाखवली होती, आणि मंडळींनी पोहे खाताखाता माना डोलावल्या होत्या. "वहिनींची तब्येत कशी आहे आता?" तात्यासाहेबांनी विचारलं, आणि 'आता'वर त्यांचा आवाज नेमका तिथं उतरला, जिथं बद्रीनाथ उतरवत असे. मग ते थांबले. भिंतीवरचं घड्याळ, पंख्याची कुरकुर, डॉक्टर बशीतला चहा ओढत होते त्याचा आवाज. बद्रीनाथला जाणवलं की आपली मान खाली जाते आहे. ती गेलीसुद्धा.

शाळा साहाय्य मंडळाचं काम म्हटलं तर सरळ होतं. नगरपालिकेच्या शाळांत छप्पर असलं तर फळा नसायचा, फळा असला तर पाणी नसायचं, आणि शहरातल्या काही शहाण्यासुरत्या माणसांनी याचं वाईट वाटून घ्यायचं ठरवलं होतं. वाईट वाटून घेण्यासाठी ते औरंगपुऱ्यात तात्यासाहेबांकडं जमत. कुणी डॉक्टर, कुणी कापडवाले, बद्रीनाथसारखे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, ज्यांना घरी बसलं की बायकोच्या कामात अडचण होते ते. पगार कुणालाच नव्हता, म्हणून प्रत्येकजण स्वतःला थोडा थोडा हुतात्मा समजे. तात्यासाहेब तर मुळातच स्वातंत्र्यसैनिक. रझाकारांच्या धामधुमीत ते मनमाडला मावशीकडं होते, मावशी सुगरण होती, आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर जी पहिली गाडी इकडं निघाली तिच्यातून ते हार घालूनच उतरले. हार कुणी घातला हे कुणी विचारलं नाही. तेव्हापासून त्यांच्या गळ्यात हार नसला की मान उघडी वाटते, थंडीत मफलर नसल्यासारखी. बद्रीनाथला हे सगळं माहीत होतं, पाठ होतं, आणि तरीही तो दर बैठकीला वेळेवर येई. का येत होता? रस्त्यानं येताना तो दरवेळी मनात म्हणे की ही ढोंगी माणसं आहेत, आणि जिना चढताना धोतराचा सोगा सावरून हसू तयार ठेवी.

मंडळाचा एक नियम होता: जिवंत माणसाचं नाव कशालाच द्यायचं नाही. पूर्वी द्यायचे. एका तेलाच्या व्यापाऱ्याचं नाव शाळेच्या नळावर मोठ्या अक्षरांत कोरलं आणि वर्ष सरायच्या आत त्याच्या तेलातली भेसळ पकडली गेली. ते नाव तासून काढताना नळच तुटला. त्या दिवशी तात्यासाहेब म्हणाले होते की जिवंत माणूस कधी तोंडावर पाडील याचा नेम नाही, मेलेला माणूस भरवशाचा. तेव्हापासून बाक, पंखे, फळे, कपाटं, सगळं कैलासवासींच्या नावानं. पोलादी बाकाच्या पाठीवर लाल रंगात 'कै.', दुपारच्या उर्दू शाळेसाठी 'मरहूम'. निनावी देणगी तर मुळीच घ्यायची नाही. एकानं नाव न घालता दिलं की बाकीच्यांची नावं खुजी दिसतात, असं डॉक्टरांचं मत पडलं होतं. मग मेलेले आणायचे कुठून? इथंच बद्रीनाथ कामाला आला. सकाळी पेपर उघडायचा, आतलं निधनाच्या चौकटींचं पान बघायचं, आणि दहाव्याच्या नंतर, तेराव्याच्या आधी, पांढरे कपडे करून त्या घरी जाऊन बसायचं. तेराव्यानंतर घर व्यवहाराला लागतं, मग हात आखडतो. दहाव्याच्या आधी कुणाला काही ऐकू येत नाही. ही मधली जागा त्यानं शोधली होती. जायकवाडीच्या कालव्याचा उतार काढताना पाणी कुठं आपोआप वळेल हे त्याला जसं दिसायचं, तसं हेही दिसलं.

आणि शाळेतली पोरं! पोरांना वाचायला दुसरं होतं काय? ती बाकांना नावांनीच हाक मारायची. "मी रुख्मिणीवर बसणार, तू सीतारामवर बस." "सर, हिनं गणपतरावावर शाई सांडली." एकदा निवृत्त तहसीलदारांचं कपाट पावसात गंजलं तेव्हा शिपायानं येऊन सांगितलं की तहसीलदार साहेबांचं बूड गेलं. बद्रीनाथ पहिल्यांदा हे ऐकून खूप हसला होता. घरी येऊन बायकोला, द्वारकाबाईला सांगितलं तर तीही हसली, आणि मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुमच्या आईच्या नावची टाकी हाय न्हवं तिथं? तिला काय म्हनत्यात पोरं?" त्यानं विषय बदलला होता. पोरं म्हणायची, भागूबाई गळती. त्याच्या घरातले मेलेले मंडळानं केव्हाच वापरून संपवले होते. आई टाकीवर, वडील फळ्यावर, धाकटा भाऊ एका बाकाच्या पाठीवर. घरात नवा मेलेला कुणी नव्हता. नव्हता, असं त्याला आजपर्यंत वाटत होतं.

बैठक संपवून पायऱ्या उतरताना गयासभाई बरोबर होता. गयासचा शहागंजात लोखंडी फर्निचरचा कारखाना. मंडळाचे सगळे बाक तोच करी, नावंही तोच घाली, आणि मंडळात एक मुसलमान असावा म्हणून सभासदही होता. हे तो स्वतःच सांगे, पान लावता लावता, चुना जास्त झाला एवढ्याच नाराजीनं. दोघं पैठण गेटपर्यंत चालत आले. ऊन उतरलं होतं, भिंतींतून अजून धग येत होती. मग गयास थांबला, चपलेतला खडा काढला, आणि वर न बघता बोलला.

"बद्रीभाऊ, बुरा मत मानो. तात्यासाहेब परसों मेरे दुकान पे आये थे. भाभीचं पुरं नाव विचारत व्हते. माहेरचं बी."

"कशाला?"

"अब कायकू पूछते?" गयासनं चप्पल पायात सरकवली. "खोलीचं काम थांबलं ना. ती खोली हाय, पंखा थोडाच हाय. पंख्याला छोटा मुर्दा चलता. खोलीला..." त्यालाही वाईट वाटलं असावं. पण वाईट वाटून तो उभा राहिला नाही, शहागंजाकडं वळला.

म्हणजे असं होतं. नाल्याकाठच्या शाळेत पाचवीचा वर्ग काढायला पालिका तयार होती, खोली असेल तर. शाळा चौथीला संपते आणि नाल्याकाठच्या पोरींचं शिकणंही तिथंच संपतं. पुढची शाळा हमरस्त्यापलीकडं, तिकडं कुणी आई पोरीला धाडत नाही. मंडळानं परवानगी आपल्या नावावर काढली, पाया घातला, भिंती दाराच्या डोक्यापर्यंत चढवल्या, आणि तिथं सगळं थांबलं. खोलीला साजेसा मेलेला मिळेना. बद्रीनाथ चार घरी जाऊन बसला, लोकांनी पंखे दिले. आता खोलीला छत नाही आणि पंखे चार आहेत. बिडकीनच्या रस्त्याकडचं वावर बद्रीनाथनं गेल्या वर्षी विकलं हे सगळ्या मंडळाला ठाऊक. द्वारकाबाईच्या काळजाची झडप गेली, पायाला सूज चढते, उताणं झोपता येत नाही, डॉक्टरांनी मुंबईला नेण्यात अर्थ नाही म्हणून सांगितलं, हेही ठाऊक. डॉक्टर मंडळाचेच. दोन आणि दोन. सतरंजीवर बसून, पोहे खाऊन, या सज्जनांनी बेरीज केली असणार. कुणी केली असेल आधी? डॉक्टरनं? की कुणीच नाही, ती आपली आपण झाली, उतारावरच्या पाण्यासारखी? मुख्याध्यापिका अजराबाईंना तरी माहीत असेल का? त्या बिचाऱ्या परवा द्वारकासाठी डाळिंबं घेऊन आल्या होत्या. डाळिंबं. त्याला त्या डाळिंबांचासुद्धा राग आला, सोललेले दाणे वाटीत कसे चकाकत होते त्याचा.

चालता चालता त्याला सारजाबाई आठवली. नको असताना आठवली. खेड्यातून पोराला शिकवायला शहरात येऊन राहिलेली विधवा. पोरगा सायकलवरून पडला आणि गेला. अकराव्या दिवशी बद्रीनाथ तिच्यासमोर बसला. बोटं, आवाज, थांबणं. तिनं काही विचारलं नाही, आतून सायकल आणून दिली, ही विका म्हणाली. पंखा बसला. नाव घातलं. मग ती शाळेत यायला लागली, दर आठवड्याला, वर्गाच्या मागं भिंतीला टेकून बसायची आणि मास्तरांना हळूच म्हणायची की चालू करा की वाईच. उन्हाळ्यात ठीक होतं. पण पौषातसुद्धा. बाहेर दात वाजायची थंडी, पोरं स्वेटरमध्ये माना खुपसून पाढे म्हणताहेत, आणि वर पंखा गरगरतोय. कुणाची हिंमत नव्हती बंद करायची. बद्रीनाथ एकदा दारातून बघून परत फिरला होता. तात्यासाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, बघा, किती समाधान मिळतं तिला. समाधान! आणि त्या रात्रीच्या त्यांच्या भाषणात ती बाई आली, पोरगा आला, थंडी तेवढी आली नाही.

घर आलं. उस्मानपुऱ्यातलं नवं घर, अजून बाहेरून गिलावा नाही. द्वारकाबाई खिडकीशी तीन उशांना टेकून बसली होती, मांडीवर ताट, ताटात तांदूळ. निवडायचं बंद कर म्हणून कितीदा सांगितलं. तो शेजारी बसला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं ते, "कसं वाटतंय आता?" आणि तिनं ताटातून मान वर केली.

"तसं नका म्हनू," ती म्हणाली. "दहाव्याला बसल्यावानी बोलता तुम्ही."

त्यानं हात मागं घेतला. म्हणजे हात तिच्या गुडघ्यावर होता. कधी गेला तिथं? त्याला दुसरा आवाज शोधायचा होता, जुना, लग्नानंतरचा, कालव्याच्या कामावर तंबूत राहायचे तेव्हाचा. तेव्हा तो तिच्याशी कसा बोलायचा? ओरडायचा बहुतेक. चहा गार झाला म्हणून, कंदिलाची काच फुटली म्हणून. तो ओरडणारा माणूस त्याला आता हवा होता आणि सापडत नव्हता. इतकी वर्षं इतक्या घरांत मऊ बोलून बोलून आतलं सगळं मऊ पडलं होतं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. तात्यासाहेबांना, डॉक्टरला, कापडवाल्याला त्यानं मनात शिव्या घातल्या, आणि त्या शिव्यासुद्धा त्याच मऊ आवाजात उमटल्या.

मग त्यानं सांगून टाकलं. लपवायचं ठरवून आला होता, पण द्वारकापुढं त्याचं ठरवणं कधी टिकलंय? तिनं खडा शोधता शोधता सगळं ऐकलं. मध्ये एकदा हसली, हसताना खोकला आला, खोकला थांबेपर्यंत त्यानं तिची पाठ धरली. तिला राग आला नाही याचा त्याला राग आला.

"माझ्या नावची खोली," ती म्हणाली. "पाचवीची?"

"द्वारका, मी उद्या राजीनामा देतो त्यांच्या तोंडावर."

"द्या की. त्यानं छत पडंल का?"

ती थोडी पुढं झुकली, श्वास गोळा केला. सोयगावच्या शाळेत ती एकच वर्ष गेली होती, मास्तर उर्दूत शिकवायचे, तिला अलिफ आणि बे तेवढं आठवे, बाकीचं पुसलं. मास्तर बदलून मराठी झालं तोवर तिच्या हातात चुडा आला होता. हे तिनं आज सांगितलं नाही, पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे. तिनं विचारलं, नाव न घालता देता येत नाही का? नाही, मंडळ निनावी घेत नाही. मग मंडळाला ठेवा बाजूला, शाळेला द्या. परवानगी मंडळाच्या नावावर आहे. मग तुमच्या आईचं घाला पुन्हा. एका नावाला एकच वस्तू. तिनं प्रत्येक वाट शांतपणे विचारली आणि प्रत्येक वाट बंद आहे हे त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याच्या लक्षात आलं की यातला अर्धाअधिक बंदोबस्त त्यानंच बैठकीत हात वर करून मंजूर केलेला आहे. "लई पक्कं बांधलंय तुम्ही समद्यांनी," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला दाखवा ती."

रविवारी सकाळी मंडळी कामाची पाहणी करायला शाळेवर जमणार होती. त्यानं खूप सांगून बघितलं: ऊन आहे, नाल्याचा वास येतो, पायऱ्या नाहीत. तिनं खांद्यावरून पदर नीट केला आणि रिक्षा बोलवायला सांगितली. रिक्षात ती त्याच्या खांद्याला रेलली नाही, बाहेरचा दांडा धरून बसली.

तिला दारातून येताना बघून मंडळाची जी तारांबळ उडाली ती बद्रीनाथनं डोळे भरून बघितली. कापडवाल्याच्या हातातला वडा हवेतच राहिला. डॉक्टर उगाच नाल्याकडं बघू लागले. गयासनं मोजायची टेप खिशात घातली आणि "सलाम भाभी" म्हणून बाजूला झाला. पण तात्यासाहेब? तात्यासाहेबांची तारीफ केली पाहिजे. एका क्षणात त्यांनी चेहरा लावला, अजराबाईंकडून खुर्ची मागवली, कपाटातून शाल आणि नारळ मागवला. सत्कारासाठी शाळेत शाल कायम असतेच. छत नसलेल्या खोलीच्या मधोमध, एप्रिलच्या उन्हात, त्यांनी द्वारकाबाईच्या खांद्यावर लोकरी शाल घातली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या, दोन-तीन, आणि भिंती अपुऱ्याच असल्यानं आवाज वर निघून गेला. तिच्या कपाळावर घाम होता. बद्रीनाथ शाल काढायला पुढं झाला तर तिनं डोळ्यांनी नको म्हटलं.

तिनं खोली बघितली. चारी बाजूंनी, मान फिरवत, घर भाड्यानं घ्यायला आलेल्या बाईसारखी. खिडकी लहान हाय, म्हणाली. फळा कुठं येणार ते विचारलं. अजराबाईंनी दाखवलं. पोरी किती येतील ते विचारलं. अजराबाई म्हणाल्या की चौथीतल्या सगळ्याच विचारतायत, रोज विचारतायत. मग द्वारकाबाई तात्यासाहेबांकडं वळली.

"माझं नाव घालायचं म्हनता इथं."

तात्यासाहेबांनी बद्रीनाथकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, व्यवहारातली गोष्ट घरी सांगणाऱ्या कच्च्या माणसाबद्दलची खंत होती. "वहिनी, तसं ठरलं नाही. नुसता एक विचार."

"घाला की. आजच घाला. म्या बी बघीन कसं दिसतं."

तेव्हा त्यांनी तिला नियम समजावला. खरंच समजावला, न चिडता, न घाबरता, हळूहळू, तेलवाल्या व्यापाऱ्याची सगळी हकीकत सांगून. जिवंत माणसाचं नाव घालता येत नाही. त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंचंही घातलं नव्हतं, त्या जाईपर्यंत चार महिने थांबले होते. नियम सगळ्यांना सारखा. बद्रीनाथला वाटलं, आता ही उठेल, नारळ त्यांच्या पायाशी टाकेल, आणि मी हिला घेऊन बाहेर पडेन आणि पुन्हा या माणसांचं तोंड बघणार नाही. तो त्या क्षणाची वाट बघत होता. जवळजवळ लाचारीनं बघत होता.

"नियम मोडू नका," द्वारकाबाई म्हणाली. "मंग किती थांबता येईल तुम्हाला?"

कुणीतरी हसायला हवं होतं. ती टोमणा मारत होती हे उघड होतं, तिच्या ओठाच्या कडेला ते दिसत होतं. निदान कुणी मान खाली घालायला हवी होती. पण तात्यासाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला, आणि अपुऱ्या भिंतींकडं बघत मनापासून विचार केला. मग त्यांनी उत्तर दिलं. साध्या, कोरड्या आवाजात, ज्यात काही उतरवलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत बद्रीनाथनं त्यांचा हा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"जूनमध्ये शाळा भरते, वहिनी. त्याच्या आत छत पडलं पाहिजे. नाहीतर पोरींचं वर्ष जाईल."

द्वारकाबाईच्या ओठाच्या कडेचं ते गेलं. तिनं अजराबाईंकडं बघितलं, मग फळा येणार होता त्या भिंतीकडं. उन्हानं डोळे बारीक केले. दूधवाल्यानं उद्यापासून जास्त दूध घ्याल का विचारावं आणि बाईनं घरातली भांडी आठवून उत्तर द्यावं, तसं ती म्हणाली, "बघते."

डॉक्टरांनी खोकल्यासारखं केलं. बद्रीनाथला त्यांच्या अंगावर धावून जायचं होतं, एकेकाची गचांडी धरायची होती, तात्यासाहेबांना त्या खोलीच्या पायात गाडून वर भिंत बांधायची होती. त्यानं हे सगळं मनात केलं, व्यवस्थित, एकापाठोपाठ एक. पण त्याच वेळी त्याची नजर वर गेली होती, जिथं छत नव्हतं तिथं, आणि आयुष्यभर बांधकामावर उभ्या राहिलेल्या माणसाचं डोकं त्याला न विचारता मागं मोजू लागलं होतं. जूनमध्ये शाळा. त्याआधी गिलावा वाळायला हवा. त्याआधी सेंट्रिंगच्या फळ्या काढायच्या. त्याआधी स्लॅबवर पाणी मारायचं, उन्हाळा आहे, जास्तच मारावं लागेल. त्याआधी स्लॅब. त्याआधी भिंती पुऱ्या करून सळई बांधून तयार हवी, सिमेंट आणून ठेवायला हवं, म्हणजे त्याआधी मंडळाचा ठराव, आणि त्याआधी